प्लगचा ताप बघणाऱ्या शकूताई

मागच्या महिन्यात मुलानं आम्हा सगळ्यांना पानशेतच्या पुढे तंबूत राहायला नेलं. तंबू नावाचाच, आत पलंग, पंखा, आरसा, सगळा थाट. पोचल्या पोचल्या त्यानं भिंतीतल्या प्लगमध्ये एक्स्टेन्शन बोर्ड खुपसला, त्यावर किटली आणि चार फोन लावले, आणि उरलेल्या जागेत आपल्या नव्या विजेच्या गाडीची केबल घालायला निघाला. मी खुर्चीतून उठले. गुडघेदुखीवाली बाई इतक्या वेगानं उठू शकते हे सुनेनं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"घाल, घाल," मी म्हटलं. "पण आधी आम्हाला बाहेर काढ, आणि विम्याचे कागद माझ्याकडे दे."

"आई, तुला काय कळतं गं त्यातलं?"

खरं सांगायचं तर काही कळत नाही. मला जे काही कळतं ते शकूताईंचं आहे. मी नुसती वाढपी. नातीनं विचारलं, "कोण शकूताई?" म्हणून सांगायला बसले, तर दुसऱ्या मिनिटाला ती पळाली. तेव्हा आता लिहूनच ठेवते. वाचणारे पळाले तरी निदान मला दिसत नाहीत.

शकूताई जपानात, नागोयाला आमच्या वरच्या मजल्यावर राहायच्या. मोठा भूकंप होऊन दोन-अडीच वर्षं झाली होती. आमचे हे गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत पोस्टिंगवर होते, आणि मी 'साहेबांची बायको' या पोस्टिंगवर. शकूताई मात्र स्वतःच इंजिनियर, दुसऱ्या एका कंपनीत. गाडीच्या पोटात वायरींची जी जुडगी असतात, त्यांतली. वाळवा तालुक्यातल्या खेड्यातून निघालेली बाई; लग्न केलेलं नाही, केस बारीक कापलेले, पायात बारा महिने कामावरचे बूट. मी तेव्हा पन्नाशीला आलेली आणि स्वतःला फार हुशार समजणारी. हे दोन्ही आजार बाईला बहुधा एकदमच जडतात.

पहिल्याच भेटीत मी चौकशी केली, "मग इथे एकट्याच? घरी कोणी…?"

"आहे की. गाडी आहे," त्या म्हणाल्या.

गाडी सेकंडहँड, पांढरी, सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखी आणि संपूर्ण विजेवर चालणारी. पूर्ण भरली की शंभरेक किलोमीटर जायची. हीटर लावला की सत्तरवर यायची, म्हणून शकूताई हीटर लावायच्याच नाहीत. डिसेंबरात त्यांच्या गाडीत बसायचं तर मांडीवर रजई आणि डोक्याला स्कार्फ. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, दोन बायकांना ताप भरलाय आणि त्या दवाखान्यात निघाल्यात.

त्या दिवसांत जपानभर वीज वाचवायचं वारं होतं. स्टेशनातले सरकते जिने बंद, दुकानांतले निम्मे दिवे बंद. मी अर्थातच टोमणा मारला, "लोक जिने चढतायत, आणि तुम्ही विजेवर गाडी उडवताय?"

"लोक झोपल्यावर भरते की गं. तेव्हा वीज कुणाला नको असते. तुझ्या त्या कमोडच्या गरम सीटला मात्र दिवसभर लागते. ती बंद कर आधी."

मी बंद केली. दोन दिवस.

कुणाच्याही घरी गेल्या की शकूताई आधी भिंतीकडे जायच्या. हळदीकुंकवाला आल्या तरी तेच. कोपऱ्यात हीटरचा प्लग दिसला की उलटा हात त्यावर ठेवायचा, आईनं लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा. "याला ताप आलाय," म्हणून पिन काढून टाकायची. मग कुंकू. उलटाच हात का, तर त्यांच्या वडिलांची शिकवण. तळहात लावला आणि करंट असला तर मूठ मिटते, मग सुटत नाही. आणि काहीही तपासून झालं की जपानी रेल्वेतल्या गार्डासारखं त्या वस्तूकडे बोट रोखून मोठ्यानं म्हणायचं, "योशी!" म्हणजे ठीक आहे. माझ्या मोदकांकडे बोट रोखून त्यांनी एकदा "योशी" म्हटलं होतं, त्यावर मी आठवडाभर खूश होते.

दुसरी गोष्ट म्हणजे त्यांचं 'नको'. जपानी माणसाला नाही म्हणायचं असलं की तो श्वास आत ओढतो, मान तिरकी करतो आणि "जरा अवघड आहे" असं म्हणत पाच मिनिटं घालवतो. शकूताई दोन अक्षरांत मोकळ्या. त्यांच्या 'नको'पुढे आमची अख्खी मराठी मंडळी गप्प व्हायची.

या शकूताईंच्या मनात एक गोष्ट होती. त्यांचे वडील, नाना, वीज बोर्डातले रिटायर्ड वायरमन. ऐंशीला टेकलेले. उभा जन्म खांबांवर चढून गावोगावी दिवे लावले. बर्फ पाहिला तो फक्त दुकानाच्या कॅलेंडरवर. मे महिन्यात ते तीन आठवड्यांसाठी येणार होते. त्यांना किसोच्या डोंगरांत, वरच्या घाटावर न्यायचं आणि समोरासमोर बर्फाचा डोंगर दाखवायचा. तोही याच गाडीतून.

"ट्रेननं न्या की," मी म्हटलं. "नाहीतर आमची पेट्रोलची गाडी आहे."

"नको. जन्मभर त्यांनी वीज खांद्यावर वाहिली. एकदा विजेनं त्यांना वाहू दे."

यावर मी गप्प बसले. असे प्रसंग माझ्या आयुष्यात थोडे.

अडचण एवढीच की हायवेवर गाडी भरायची सोय होती, पण तिथून वर डोंगरात काही नव्हतं. होता एक कॅम्प. तंबूच्या प्रत्येक जागेपाशी एक बुटका खांब, त्यावर प्लग. शंभर व्होल्टचा, जपानात असतो तसा. दिवा, विजेचं पांघरूण, भाताचा कुकर, एवढ्यासाठी तो. मालकीण ओनो-सान म्हणून, सत्तरीच्या, गमबूट आणि गळ्यात टॉवेल. पूर्वी एका पाहुण्यानं गुंडाळलेल्या केबलच्या रिळावरून गाडी भरायला लावली होती. रीळ आतल्या आत तापलं आणि प्लगसकट वितळलं. तेव्हापासून गाडी भरण्याचं त्यांच्याकडे 'जरा अवघड' झालं होतं.

शकूताई तिथे तीन वेळा जाऊन आल्या. ब्रेकरची पेटी उघडून पाहिली. गाडीची केबल किती करंट ओढते ते वहीत लिहून दाखवलं. रीळ वापरणार नाही, मध्ये बोर्ड जोडणार नाही, केबलचा जड डबा प्लगला लोंबकळू देणार नाही, त्याच्याखाली स्टूल ठेवीन, पंधरा मिनिटांनी आणि तासानं हात लावून बघीन. अखेर ओनो-सान म्हणाल्या, ऑक्टोबरात एक रात्र करून बघा. नीट पार पडलं तर मेमध्ये वडिलांना आणा.

आणि या परीक्षेला शकूताई सोबत म्हणून कुणाला घेऊन गेल्या? मला. शहाणी बाई, पण माणसांची पारख कच्ची.

मी ठरवलं, कॅम्पवर सगळ्यांना आंबोळ्या खिलवायच्या. आंबोळीबरोबर ओल्या नारळाची चटणी, आणि ती ताजी वाटलेलीच हवी. त्यासाठी मी माझा पुण्याहून नेलेला मिक्सर बरोबर घेतला. तो जपानच्या शंभर व्होल्टवर नुसता कण्हायचा, म्हणून त्याच्यासाठी व्होल्टेज वाढवणारा ट्रान्सफॉर्मर. परदेशी राहिलेल्या प्रत्येक मराठी बाईच्या घरात हा एक लोखंडी गणपती असतो. वजन एखाद्या पाट्याइतकं. तो मी उशीच्या अभ्र्यात घालून डिकीत सरकवला. शकूताईंनी विचारलं, "उशी आणलीस होय?" मी म्हटलं, "हो, मला मानेखाली जरा कडकच लागते."

तिथल्या चार जागांना आणि ओनो-सानच्या पडवीला मिळून एकच ब्रेकर होता. शकूताईंनी शेजारच्या तिन्ही तंबूंत जाऊन वाकून विचारलं, तुम्ही काय काय लावणार? सगळं वहीत. बेरीज केली. खांबाकडे बोट रोखून "योशी!" आणि गाडी लावली. पंधरा मिनिटांनी हात लावून पाहिला, ताप नाही. त्यांचा चेहरा शाळेत पहिला नंबर आल्यासारखा. मग त्या भांडी घासायला गेल्या.

त्याच खांबावर खाली दुसरा प्लग होता. मी गणपती अभ्र्यातून काढला, जोडला, नारळ भांड्यात घातला आणि मिक्सर फिरवला. एक फेरा झाला असेल. ठप्प! चारही तंबूंत अंधार. शेजारच्या विजेच्या तव्यावरचं मांस सुर्र करून गप्प झालं. एक लहान मुलगी रडू लागली. ओनो-सानच्या पडवीत आइस्क्रीमचा फ्रीज घरघरत होता, तोही थांबला. आणि त्या शांततेत मी, मिक्सरचं झाकण घट्ट धरून, जणू ते सोडलं तर पुरावा उडून जाईल.

ओनो-सान टॉर्च घेऊन आल्या. रागावल्या नाहीत. श्वास आत ओढला, मान तिरकी केली. "मे महिन्याचं… जरा अवघड आहे."

"वायरिंगच जुनं आहे यांचं," मी मराठीत पुटपुटले. शकूताईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

सकाळी त्यांनी मला लाकडी टेबलाशी बसवलं आणि वही आडवी धरली. नागोयाच्या गाड्यांच्या कारखान्यांत एक रीत असते. काही बिघडलं की 'का?' असं पाच वेळा विचारायचं. पहिल्या उत्तरावर समाधान मानायचं नाही, खाली खाली खणायचं.

"ब्रेकर का पडला?"

"मिक्सर लावला म्हणून."

"का लावलास?"

"चटणी वाटायची होती."

"घरून वाटून का नाही आणलीस?"

"तिला ताज्या चटणीची चव येत नाही हो. तुमच्यावर जरा छाप पाडायची होती."

त्यांनी तेही लिहिलं! "मग भांडी घासायच्या शेडमध्ये वेगळा प्लग आहे, तिथे का नाही नेलास?"

"तो गणपती उचलून कोण नेणार तिथपर्यंत?"

"मला आधी का नाही विचारलंस?"

मी फटकन बोलून गेले, "तुम्ही 'नको' म्हणाला असता म्हणून."

पेन थांबलं. मला वाटलं आता पाचव्या कारणापुढे माझं नाव येणार, लाल शाईत. त्यांनी लिहिलं आणि वही माझ्याकडे फिरवली. जपानीतलं मला कुठलं वाचता येतंय! मीच विचारलं, "काय लिहिलंत?"

"मूळ कारण: माझ्याबरोबरची माणसं मला विचारायला भितात." मग म्हणाल्या, "तीन तंबूंत विचारून आले बघ. तुला विचारलं नाही."

"अहो, चूक माझी…"

"तुझी आहेच गं. पण दुरुस्त करण्यासारखी माझी आहे."

पुढच्या शनिवारी आम्ही तो कागद सुवाच्य करून, मिठाईचा डबा घेऊन ओनो-सानकडे गेलो. कागदावर ट्रान्सफॉर्मरचं चित्रसुद्धा होतं, अभ्र्यासकट. शकूताई वाकल्या, मीही वाकले. पण मी जरा जास्तच मनापासून वाकले असणार, कारण माझ्या कमरेत उसण भरली. वाकले ती वाकलेलीच राहिले. वर येता येईना आणि बोलायला तोंड उघडवेना. ओनो-साननी चष्मा लावला, कागद वरून खालपर्यंत वाचला, चित्र बघून हसल्या, पुन्हा पहिल्यापासून वाचला. तरी मी वाकलेलीच. इतकी लांबलचक माफी त्यांनी जपानातसुद्धा पाहिली नव्हती. त्यांचे डोळे पाणावले. त्या म्हणाल्या, शेडच्या पुढच्या छपराखाली एक प्लग आहे, त्याला स्वतंत्र ब्रेकर आहे, मेमध्ये वडिलांना घेऊन या. येताना ती चटणीही आणा. वाटून.

परत येताना मी मागच्या सीटवर आडवी होते आणि शकूताई इतक्या हसत होत्या की गाडी दोनदा बाजूला घ्यावी लागली.

त्या दिवसापासून त्यांचं 'नको' पार गेलं असं नाही. पण ओठांवर आलं की थांबायच्या. "न… बरं, आधी सांग, काय लावायचंय तुला?" मंडळींत हा वाक्प्रचारच होऊन बसला.

मेमध्ये नाना आले. पायजमा, स्वेटर, कानटोपी, आणि खिशात वायरमनचा टेस्टर. मुंबईच्या विमानतळावर तो सामानात टाकायला लावला म्हणून ते अजून धुसफुसत होते. अंड्यासारख्या त्या गाडीत पुढे नाना, मागे मी आणि चटणीचा डबा.

"आवाज कुठाय हिचा?" नानांनी विचारलं.

"विजेचा आवाज असतोय का नाना?"

"बिघडल्यावर असतोय," नाना म्हणाले.

कॅम्पवर पोचलो तेव्हा चार वाजले होते, आभाळ खाली उतरलेलं, पाऊस भुरभुरत होता. कॅम्पवरून डोंगराचा एक खांदा दिसायचा, तोही ढगात बुडालेला. पुरता डोंगर बघायचा तर आणखी वर घाटात जायला हवं, आणि गाडीत फार तर सहावा हिस्सा वीज उरलेली. तेवढ्यावर उतरून हायवे गाठता आला असता, चढ चढता आला नसता. परवा नानांचं विमान. म्हणजे रात्रभर गाडी भरली तरच उद्या घाट.

शकूताईंनी शेडच्या छपराखालच्या प्लगला केबल लावली, केबलचा डबा स्टुलावर ठेवला, बोट रोखून "योशी" म्हटलं. नानांनी विचारलं, "हे कुणाला सांगतीस?" पंधरा मिनिटांनी शकूताईंनी उलटा हात लावला. काढला. पुन्हा लावला. नानांकडे पाहिलं. नाना उठले आणि त्यांनीही आपला काळा, चिरलेला हात तसाच उलटा लावला.

"ताप हाय," नाना म्हणाले. "पकड सैल पडलीया."

शकूताईंनी ब्रेकर पाडून केबल काढली. मे महिन्याचं सगळं गणित त्या एका पिनेबरोबर बाहेर आलं. मला राहवेना. इतकं सगळं शिकूनही मी म्हटलं, "अहो, जरा कोमटच तर आहे! रात्रभर लक्ष ठेवू की आळीपाळीनं."

"न…" त्या थांबल्या. मग शांतपणे म्हणाल्या, "मंदा, गाडी तासन्‌तास सारखा करंट ओढत राहते. पंधरा मिनिटांत कोमट आहे ते पहाटे काय असेल? आणि शेड लाकडाची आहे. ओनो-साननी एकदा विश्वास ठेवला, आता त्यांचं छप्पर पणाला लावू होय?"

नानांनी तोवर खिशातून टेस्टर काढला होता. "आण पाना. दोन मिनटांचं काम."

"नाना, नको! इथे लायसन लागतं."

"चाळीस वर्सं काय बिनलायसन चढलो?"

"जपानी लायसन, नाना."

नाना रुसून तंबूत जाऊन बसले. शकूताईंनी ओनो-सानना सांगितलं. या वेळी वाकायची पाळी ओनो-सानची होती. प्लग आपला, म्हणून त्या पुन्हा पुन्हा माफी मागत राहिल्या. गावातला इलेक्ट्रिशियन सकाळी आठला येईल म्हणाल्या. आठला येणार, काम करणार, मग गाडी शंभर व्होल्टवर रखडत भरणार. घाट हुकलाच होता. शकूताईंनी आंबोळ्या खाल्ल्या, चटणीला नाव ठेवलं नाही. एवढ्यावरून मला कळलं की बाई किती उदास आहे.

त्या पावसाळ्यात आमचं पोस्टिंग संपलं आणि आम्ही पुण्याला आलो. शकूताई मग दुसऱ्या शहरात गेल्या, फोन होत राहिले, पुन्हा भेट मात्र झाली नाही. त्यामुळे डोळे मिटले की मला त्या दिसतात त्या दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या.

पाऊस थांबला होता. मी दात घासायला बाहेर आले आणि ब्रश तोंडातच राहिला. ढग पार उडाले होते, आणि शेडच्या समोर, आभाळाच्या मधोमध, डोंगराचा तो खांदा. पांढराशुभ्र, इतका जवळ की वाटावं ओनो-सानचा टॉवेल वाळत घातलाय. घाटावर जायची काही गरजच नव्हती.

"नाना!" शकूताई ओरडत शेडकडे धावल्या. "नाना, मागे बघा! बर्फ!"

नाना डोंगराकडे पाठ करून उकिडवे बसले होते. त्यांच्या पुढ्यात इलेक्ट्रिशियन, निळ्या कपड्यातला, प्लगची पेटी उघडून बसलेला. नानांना जपानी येत नव्हतं, त्याला मराठी येत नव्हतं, आणि दोघांची चर्चा रंगात आली होती. नाना बोटानं दाखवत होते, तो मान डोलावत होता. मग त्यानं आपली हत्यारांची पेटी नानांपुढे सरकवली, ताट वाढावं तशी.

"अहो नाना, डोंगर!"

नानांनी मान वळवली. पाहिलं. चांगलं घटकाभर पाहिलं. "झ्याक हाय," म्हणाले. "पर थांब जरा, काम चालू हाय. ह्यो गडी वायर कशी सोलतोय बघ. एक तार तुटू देत न्हाई."

शकूताई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. एवढे हेलपाटे, तो कागद, ती माझी कंबर, सगळं ज्या डोंगरासाठी, त्याच्याकडे बापाची पाठ. मला वाटलं आता चिडतील. त्या हसायलाच लागल्या. पोट धरून हसल्या, डोळे पुसले, आणि मग पायजम्याचा पाय वर ओढून नानांच्या शेजारी उकिडव्या बसल्या. "सरका जरा," म्हणाल्या, "मला बी दिसू दे की."

तिघांची डोकी त्या पेटीवर एकत्र आली. बर्फाचा डोंगर मी एकटीनंच पाहिला. तोही धड नाही, कारण मान सारखी त्यांच्याकडेच वळत होती.